म्हाताऱ्याच्या अंगातला कोट

आमच्या घरात घाबरण्याचा मक्ता माझ्याकडे होता. पाल चुकचुकली, कौलांवरून मांजर धावलं, ताडाची झावळी वाऱ्याने खरखरली, की मी पहिली आईच्या पदराशी. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "ही पोरगी स्वतःच्या सावलीलाही कोण आहे म्हणून विचारते." आबांना, म्हणजे दादांच्या वडिलांना, मात्र माझ्या भित्रेपणाचं कौतुक होतं. "असू दे रे," ते म्हणायचे, "घरात एक तरी घाबरणारं माणूस असावं. कडी लावली का, चूल विझली का, हे बघायला कोणीतरी हवंच की." ते ऐकून मला फार बरं वाटायचं. मग माझ्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी जुळे भाऊ झाले, विनू आणि नंदू, आणि माझ्या भीतीला कायमची नोकरी मिळाली.

आम्ही तेव्हा ठाण्याला खोपटच्या बाजूला एका ख्रिस्ती वाडीत भाड्याने राहत होतो. आज तिथे एसटीच्या गाड्या उभ्या असतात आणि माणसं एकमेकांच्या अंगावरून चालतात. तेव्हा भाताची खाचरं होती, ताडाची झाडं होती, आणि मध्ये मार्तीनबायची वाडी. मार्तीनबाय आमची घरमालकीण. लाल चौकड्यांचं गुडघ्याएवढं लुगडं, कानांत वरपासून खालपर्यंत सोनं, आणि आवाज असा की खाचराच्या पलीकडचा गुराखी मागे वळून बघे. तिच्या पिढ्यान् पिढ्या याच मातीतल्या. बाळकुमकडे तिची शेती होती, खाडीलगत मिठागरात वाटा होता, आणि तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आमच्यासारख्या कारकुंड्या प्रभू कुटुंबाला दिलेल्या होत्या. आमच्या घरात मार्गशीर्षातल्या गुरुवारी कांदासुद्धा चिरला जात नसे आणि शुक्रवारी सोड्यांची खिचडी. मार्तीनबायकडे त्या महिन्यात रोज काहीतरी तळलं जाई. दोन्ही घरांचे वास अंगणात एक होत. आई आणि ती ओट्यावर समोरासमोर बसून काम करत असत, आईपुढे मोड आलेले वाल आणि तिच्यापुढे मसाला, आणि दोघी एकमेकींच्या देवांबद्दल फारसं काही न विचारता एकमेकींच्या नवऱ्यांबद्दल भरपूर बोलत.

विनू-नंदूला वाडीत कोणी त्यांच्या नावाने हाक मारत नसे. शुंभ-निशुंभ हेच नाव पडलं होतं, आणि ते ठेवलं होतं खुद्द आबांनी. तीन वर्षांची व्हायची होती अजून. एकाने हात धरला की दुसरा सुटायचा, आणि दुसऱ्यामागे धावलं की पहिला चुलीपाशी. आईने सोललेल्या डाळिंब्या त्यांनी मोरीत ओतून त्यांच्यावर पाणी घातलं होतं, "झाड येईल" म्हणून. मार्तीनबायच्या बदकाला नंदूने पायजमा घालायचा प्रयत्न केला होता. हातात येईल ती वस्तू विहिरीत टाकायची आणि डुबुक असा आवाज आला की टाळ्या पिटायच्या, हा तर दोघांचा रोजचा धंदा. आमची चमचे-वाट्यांची निम्मी संपत्ती त्या विहिरीच्या तळाशी असेल. तिचा काठ गुडघ्याएवढा होता. रोज झोपायच्या आधी डोळे मिटले की मला तो काठ दिसायचा, आणि त्यावर वाकलेली दोन डोकी.

ही दोघं एकाच माणसाच्या ताब्यात राहत आणि ते म्हणजे आबा. आबा कल्याणच्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. उन्हाळा असो की पावसाळा, बाहेर पडताना त्यांच्या अंगात बंद गळ्याचा काळा कोट. त्या कोटाच्या उजव्या खिशात भाजलेले शेंगदाणे असत. संध्याकाळी ते फिरून आले की अंगणाच्या टोकाला थांबत आणि नुसता खिसा थोपटत. की सुटलीच ही जोडगोळी. एकाच खिशात दोन्ही मुठी एकदम घुसत, मग अडकत, मग रडारड, आणि आबा आपले गदगदा हसत उभे. मी त्यांच्याएवढी असताना मीही तेच करत असे, म्हणून मला त्या खिशाचं अस्तर ठाऊक होतं. गुळगुळीत, थोडं फाटलेलं, कोपऱ्यात सालांचा चुरा.

दिवाळी झाली आणि आबा गेले. दोन दिवसांचा ताप, बस्स. दादा स्मशानातून परतले, दिवसवार केले, आणि नंतर त्यांनी आबांचं नावसुद्धा काढलं नाही. आबांचं धोतर, पंचा, चपला सगळं तेराव्याला द्यायचं ते दिलं गेलं, पण कोट दाराआडच्या खुंटीवरच राहिला. दादा त्या कोटाकडे बघत नसत. जेवायला बसताना त्यांनी पाट फिरवून घेतला होता, म्हणजे पाठ खुंटीकडे येई. आईने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. पण खरा छळ केला तो विनू-नंदूने. रोज दिवेलागणीला दोघं खुंटीखाली जाऊन उभी राहत, वर बघत आणि म्हणत, "आबा, खाऊ." आई म्हणायची, आबा देवाघरी गेले. मग ती थोडा वेळ थांबत, आणि पुन्हा, "आबा, खाऊ." त्या वेळी चुलीशी पाठमोऱ्या बसलेल्या आईचे खांदे मला अजून दिसतात. मला त्या कोटाचीही भीती वाटू लागली होती. अंधार पडला की त्यात कोणीतरी उभं असल्यासारखं वाटे.

नाताळ आला तो अशा घरात. पण लहान मुलांना सुतक किती दिवस ठेवणार? मार्तीनबायच्या पडवीत नव्या कोऱ्या फण्यांवर पिठाच्या गोळ्या दाबून नाताळचे गोड कुलकुल वळायला वाडीतली सगळी मुलं बसली आणि त्यात आम्हीही. विनू-नंदू एक वळत आणि दोन कच्चेच खात. फुग्या तळल्या जात होत्या, त्या टम्म फुगलेल्या गोल पावांचा वास आमच्या खोलीपर्यंत येई. त्यांचं पीठ अंडी घालून ताडीत भिजवलेलं असतं हे आईला माहीत होतं. "अहो मार्तीनबाय, पोरं झिंगतील माझी," ती म्हणायची, आणि मार्तीनबाय हसून हसून पदर तोंडाला लावायची. "नाय गो वैनी, कय नाय होत. झोपली तर बरंच ना, तुला जरा बसाला भेटेल." पडवीच्या कोपऱ्यात तिच्या मुलाने, पास्कूने, येसूच्या जन्माचा गोठा मांडला होता. बांबूचं छप्पर, कागदाचा तारा, मातीच्या गाई-मेंढ्या, आणि खाली बाळकुमच्या शेतातला नवा पेंढा गुडघाभर पसरलेला.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आमची दोघं सापडेनाशी झाली. माझा जीव तेव्हाच अर्धा गेला. मी विहिरीपाशी, मग चुलीपाशी, मग पुन्हा विहिरीपाशी, आणि ही कुठे, तर गोठ्यात. मेंढ्या बाजूला सारून, पेंढ्यात घरटं करून, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून गाढ झोपलेली. नंदूच्या ओठांना मेंढीचा पांढरा रंग लागला होता. मी रडत होते आणि सगळी वाडी हसत होती. मार्तीनबायने क्रूस केला आणि म्हणाली, "बघ गो, या वर्साला आमच्याकडे दोन येसू आले." त्यानंतर आईने मला बजावलं, "कुंदे, पेंढा दिसला की ही दोघं झोपतात. लक्ष ठेव." आई चेष्टेत बोलली होती. मी चेष्टेत घेतलं नाही, कारण मला चेष्टा कळतच नसे.

आता म्हाताऱ्याचं सांगायला हवं, कारण आजच्या मुलांना तो ठाऊक असेल असं नाही. वर्ष संपताना आमच्या वाडीत सरत्या वर्षाचा म्हातारा करत. पेंढ्याने भरलेलं माणूस, मडक्याचं डोकं, त्याला कोळशाने डोळे-मिशा, तोंडात पपईच्या देठाची चिलीम. पोटात दिवाळीचे उरलेले फटाके. दोन-तीन दिवस त्याला मोडक्या खुर्चीवर बसवून वाडीच्या तोंडाशी ठेवायचं, संध्याकाळी खुर्चीसकट उचलून बाजारातून मिरवायचं, "म्हाताऱ्याला पैसा" म्हणून ओरडायचं, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी जाळायचं. जुनं वर्ष गेलं, दुखणी-भांडणं घेऊन गेलं. दुसऱ्या वाड्यांत बाराच्या ठोक्याला जाळत, पण आमच्याकडची सगळी माणसं त्या वेळी चर्चमध्ये असत, म्हणून आमचा म्हातारा दिवेलागणीलाच जाई. चर्चची संध्याकाळची घंटा ऐकू आली की काडी लावायची, असा नेम होता.

तर म्हाताऱ्याला कपडे मागत पास्कू आमच्या दारात आला. सोळा-सतरा वर्षांचा, आवाज नुकताच फुटलेला. "वैनी, कायपण जुनं असेल तर द्या ना. गेल्या वर्साला फाटका शर्ट घातलेला, बाजारात लोक हसलेले." आई त्याला नाही म्हणायला वळली आणि तिला विनू-नंदू दिसली. भरदुपारी, खुंटीखाली, माना वर केलेली. आई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने कोट काढला, उजव्या खिशात हात घालून तो रिकामा केला, आणि पास्कूच्या हातात दिला. खुंटीवर तिने दादांची छत्री आणि एक पिशवी अडकवली. "दादांना बोलायचं नाही," ती मला म्हणाली. "त्यांनाही तो डोळ्यांसमोर नकोच आहे. बघतेस ना कसे पाठ करून बसतात." मी मान हलवली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा खुर्चीत बसला. रात्री तो मार्तीनबायच्या पडवीत असे आणि दादा कचेरीत गेल्यावरच बाहेर येई. मी विनू-नंदूला घेऊन अंगणात आले आणि दोघं एकदम थांबली. मडक्याच्या डोक्याकडे, चिलमीकडे त्यांनी बघितलंही नाही. कोट बघितला. "आबा!" विनू ओरडला आणि माझे दोन्ही हात रिकामे झाले. दोन्ही मुठी उजव्या खिशात. आत पेंढा होता. त्यांनी तो काढून बघितला, टाकला, पुन्हा हात घातले. मला वाटलं आता रडतील. पण नंदू वळला, तुरुतुरु घरात गेला, आणि मुठीत पोळीचा तुकडा घेऊन आला. तो त्याने खिशात घातला आणि आबा थोपटत तसा खिसा थोपटला. एवढी वर्षं झाली, पण त्या वेळी मला जे झालं त्याला भीती म्हणायचं की दुसरं काही, हे मला ठरवता आलेलं नाही. 

मग ते सुरूच झालं. कुलकुल, डाळिंब्या, फुगीचा अर्धा तुकडा, जे हातात पडेल त्यातलं थोडं म्हाताऱ्याच्या खिशात. मुंग्या लागल्या. पास्कू वैतागला, "ए कुंदा, तुझ्या भावांना आवर, म्हातारा फुगलाय." मी आवरत होते आणि आईला वेगळाच घोर. संध्याकाळी पोरं म्हाताऱ्याला मिरवत तलावाच्या बाजूला नेत, आणि दादा त्याच वाटेने कचेरीतून चालत येत. तिने पास्कूला विनवलं, "बाबा रे, आमच्या ह्यांच्या वेळेला दुसऱ्या रस्त्याने जा." पास्कूला कारण कळलं नाही, पण तो गेला. रोज दादांच्या चपलांचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघी दाराकडे कान लावून असायचो. दादा येत, हातपाय धूत, पाट फिरवत, पाठ करून जेवत. खुंटीबद्दल चकार शब्द नाही. आईला हायसं वाटे. मला वाटत नसे. मी मनात हिशेब मांडत बसे की शेवटचा दिवस कधी उजाडेल, तो म्हातारा कधी जळेल आणि हे सगळं कधी संपेल.

तो दिवस उजाडला. वाडीच्या मोकळ्या भागात पोरांनी पेंढ्याचा ढीग रचला, त्यावर वाळक्या झावळ्या, आणि उन्हं कलल्यावर म्हाताऱ्याला खुर्चीतून काढून त्या ढिगावर टेकवून बसवलं. कोटाचे पदर दोन्ही बाजूंना पसरलेले. विनू-नंदूने ते बघू नये म्हणून आईने त्यांना दुपारी उशिरा झोपवलं. झोपताना मार्तीनबायने दिलेल्या फुग्या दोघांच्या हातांत होत्या. पुढच्या दाराला कडी घातली. आई वाल सोलत बसली, मी दिव्याच्या काचा पुसत होते. मोरीचं मागचं दार मात्र नुसतं लोटलेलं असे, आणि त्याची खालची एक फळी तुटलेली होती. तिथून मांजर येई. मांजरापेक्षा मोठं काही तिथून जाऊ शकेल असं त्या दिवसापर्यंत कोणाच्या मनात आलं नव्हतं.

आई आत गेली ती तशीच बाहेर आली. "कुंदे, पोरं कुठेत?" तिचा आवाज असा होता की माझ्या हातातली काच खाली पडली. पांघरूण होतं, दोघं नव्हती. आम्ही दोघी धावलो ती अर्थात विहिरीकडे. मी काठावर वाकले. खाली काळं पाणी, आणि त्यावर काहीतरी गोल, फिकट, तरंगत होतं. फुगी. विनूने एक चावा घेतलेला त्या अंधुक उजेडातही मला दिसला. आईने फक्त "अगं आई गं" एवढंच म्हटलं आणि ती मटकन खाली बसली. मार्तीनबायच्या किंकाळीने सगळी वाडी गोळा झाली. पास्कूने अंगातला शर्ट फेकला, रहाटाची दोरी धरली आणि तो आत उतरला. त्याच्या पायांनी पाणी ढवळलं गेल्याचा आवाज वर येत होता. कोणी कंदील दोरीला बांधून खाली सोडत होतं, कोणी प्रार्थना म्हणत होतं. "हाताला लागतंय काय रे?" मार्तीनबाय वरून ओरडत होती, आणि खालून पास्कूचा आवाज, "नाय, नाय, चमचा हाय." त्या क्षणीसुद्धा वर आला तो आमचाच चमचा. मी काठ धरून उभी होते. रोज डोळे मिटल्यावर दिसायचं ते आज डोळे उघडे असताना दिसत होतं, आणि मला वाटत होतं की मी इतकी घाबरत आले म्हणूनच हे झालं.

आणि घंटा झाली. चर्चची, संध्याकाळची. तिचा सूर खाचरांवरून संथ येत होता. विहिरीपाशी कोणी ऐकली नाही ती. मी ऐकली, कारण किती दिवस मी तिचीच वाट बघत होते. काडी लावायची वेळ. म्हातारा. आणि एकदम माझ्या मनात आलं, फुग्या दोन होत्या. हातात खाऊ असला की त्यातलं आबांना नेऊन द्यायचं, हे दोघांनी एक दिवसही चुकवलं नव्हतं. पेंढा दिसला की ही झोपतात.

मी धावले. मोठी माणसं सगळी विहिरीवर होती. ढिगाजवळ राहिली होती ती लहान पोरं, ज्यांना एवढंच माहीत होतं की घंटा झाली की पेटवायचं. त्यांच्यातल्या एकाच्या हातात काठीला गुंडाळलेला पेटता बोळा होता. मी तोंड उघडलं. "थांबा" म्हणायचं होतं, "विनू" म्हणायचं होतं. आवाजच फुटेना.  बोळा झावळीला लागला आणि झावळी अशी चरचरत पेटली की पोरांनी आनंदाने उड्या मारल्या. म्हाताऱ्याचं मडक्याचं तोंड लाल उजेडात हसल्यासारखं दिसलं. मी धावत होते.

त्याच वेळी वाडीच्या तोंडाशी दादा आले. हातात डबा, काखेत वर्तमानपत्र. त्यांना विहिरीचं काही माहीत नव्हतं, मुलांचं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच की ढिगावर त्यांचे वडील कोट घालून बसलेत आणि खालून जाळ वर येतोय. दादा म्हणजे पाण्याचा पेलासुद्धा आवाज न करता ठेवणारा माणूस. त्यांचा डबा खाली पडला. "आबा!" असे ते ओरडले की पोरांच्या उड्या थांबल्या. ते त्या जाळात चपलांसकट शिरले, म्हाताऱ्याला कोटाच्या कॉलरला धरून त्यांनी ओढलं, मडकं गडगडत खाली आलं आणि फुटलं, आणि म्हातारा उठला तशी त्याच्या पाठीमागे पेंढ्यात केलेली पोकळी उघडी पडली.

तिथे ती दोघं होती. विनू झोपलेला. नंदू जागा, धुराने डोळे चोळत, आणि त्याचा एक हात अजून कोटाच्या उजव्या खिशात, त्यामुळे कोटाबरोबर तोही ओढला जात होता. दादा बघतच राहिले. त्यांना काही कळेना. मला कळत होतं. माझा आवाज तेव्हा आला, आणि तो इतका मोठा आला की विहिरीवरची माणसं फिरली. मी विनूचा पाय धरला आणि खेचला, दादांनी नंदूला उचललं, आणि आम्ही चौघं धडपडत मागे येऊन पडलो. म्हातारा दादांच्या हातून सुटून परत जाळात गेला होता, कोट तेवढा मुठीत राहिला होता. मग त्याच्या पोटातले फटाके उडू लागले. विनू त्या आवाजाने जागा झाला आणि त्याने टाळ्या पिटल्या.

आई विहिरीवरून धावत आली ती आमच्या अंगावरच पडली. ती दोघांना चाचपत होती, केस, कान, बोटं, पुन्हा केस. विनूच्या भुवया जरा जळल्या होत्या, बाकी काही नाही. ओला पास्कू कुडकुडत उभा होता आणि मोठा घोडा झालेला तो मुलगा लहान पोरासारखा रडत होता. मार्तीनबायने त्याला एक थोबाडीत दिली, मग जवळ घेतलं. जाळ विझत आला तेव्हा कुठे दादांनी हातातल्या कोटाकडे बघितलं. "कोट इथे कसा आला?" त्यांनी विचारलं.   आई म्हणाली, "मी दिला. मला वाटलं, तुम्हांला तो नकोय. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसता."

दादांनी कोटावरची राख झटकली. मग म्हणाले, "पाठ केली म्हणजे नको असतं का गं?" आणि आबा गेल्यापासून पहिल्यांदा, सगळ्या वाडीसमोर, मातीत बसून, ते रडले. कोट तोंडाशी धरून रडले. मी माझ्या वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, जाळ पाहून वाटली त्याहून जास्त भीती मला त्यांचं रडणं बघून वाटली. नंदू त्यांच्याजवळ गेला, त्याने कोटाच्या खिशातून चेंगरलेली फुगी काढली, आणि त्यांच्या तोंडाशी धरली. दादांनी ती खाल्ली. मार्गशीर्षातला गुरुवार होता, ते अंड्याला शिवत नसत, ताडी तर लांबच, पण ती त्यांनी सगळी खाल्ली.

आई त्या रात्री दोघांना दोन कुशींत घेऊन झोपली. सकाळी उठले तेव्हा मोरीच्या दाराला नवी फळी ठोकलेली होती, आणि दाराआडची खुंटी जागेवर नव्हती. ती दादांनी उपटून खाली, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर ठोकली होती. तिथे कोट अडकवला होता, एका बाजूला जळून तपकिरी झालेला. कचेरीत जाताना त्यांनी उजव्या खिशात काहीतरी टाकलं आणि खिसा थोपटला. पाट त्या दिवसापासून पुन्हा सरळ मांडला गेला. विनू-नंदू शाळेत जाऊ लागेपर्यंत तो खिसा रिकामा राहिलेला मला आठवत नाही. दाण्यांच्या सालांचा चुरा मात्र मलाच झाडावा लागे.

पुढे आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो, कोट कुठेतरी विरला, दादा-आई गेले. मार्तीनबायच्या वाडीच्या जागी काय आहे ते वर सांगितलंच. मी म्हातारी झाले, आणि कडी लावली का, गॅस बंद केला का, हे बघायला रात्री अजून उठते. सून हसते. हसू दे.

मागच्या थंडीत नंदू गेला. स्मशानात आता विजेच्या दाहिनीला लोखंडी दार असतं, आत काय होतं ते दिसत नाही. त्याला नवा सदरा घातला होता. दार उघडायच्या आधी विनू पुढे झाला. पांढरे केस, गुडघे दुखणारा, नातवंडांचा आजोबा. त्याने स्वतःच्या खिशातून मूठ काढली, नंदूच्या सदऱ्याच्या खिशात रिकामी केली आणि खिसा थोपटला. दोन दाणे जमिनीवर पडले. जमलेल्या मंडळींना वाटलं काहीतरी विधी असेल. मग आतला माणूस म्हणाला, "मागे व्हा," आणि दार वर गेलं. लाल उजेड विनूच्या तोंडावर पडला. मी दोन्ही हातांनी त्याची बाही घट्ट धरली.

"ताई," तो हळूच म्हणाला, "सोड गं. मी कुठे जातोय?"

मी सोडली नाही.